चाकाच्या तारा: घासून चमकवायच्या की नुसत्या पुसायच्या?

जांभाखडक (धागाकर्ता)

दसरा आठवड्यावर आलाय. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा म्हणून आमच्या बिल्डिंगखाली धुण्यापुसण्याची धांदल सुरू आहे. परवा संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा मुलगा बुलेटच्या पुढच्या चाकाशी बसून भांड्यांच्या तारेच्या घासणीने एकेक स्पोक खरवडत होता. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ. करड्या तारा चांदीसारख्या दिसायला लागल्या होत्या आणि स्वारी खूश होती. मी थांबवलं, तर त्याला राग आला. त्याला जिन्यात उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

बहुतेक गाड्यांना कारखान्यातून येणाऱ्या तारा पोलादाच्या असतात आणि त्यांच्यावर जस्ताचा पातळ थर असतो. जस्ताचा गुण असा की ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. बारीक ओरखडा पडून आतलं पोलाद उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त त्याला सांभाळून घेतं. नवी चकाकी काही महिन्यांत जाते आणि करडेपणा येतो. तो मळ नव्हे. हवा आणि ओलावा लागून जस्तावर धरलेली ती साय आहे, तीच खालच्या जस्ताला टिकवते. घासणीने आपण आधी ती साय काढतो, मग जस्त काढतो. कल्हईच्या पातेल्याला कोणी वाळूने खसाखसा घासतं का? कल्हई जाईल म्हणून जपतोच ना? तारेचंही तसंच आहे. आणि चिंच, लिंबू तर अजिबात नको. तांब्या-पितळेला आंबट उजळवतं, जस्ताला खातं.

मग तारांना हातच लावायचा नाही का? लावायचा, आणि नियमाने लावायचा. ओला चिखल तारेला चिकटून राहिला की खालचं जस्त वाळत नाही, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि तिच्यामागून लाल गंज येतो. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी असं करतो: गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, इंजिन बंद, चावी खिशात. (इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चाकाला फडकं लावणारे लोक आहेत. अशाने दोन बोटं अर्धी गेलेला माणूस मी पाहिलाय. कृपा करून हे कधीही करू नका.) मगाने पाणी ओतून चिखल भिजू द्यायचा. कोरडा पुसला तर त्यातली रेतीच ओरखडे काढते. मग बादलीत थोडा शाम्पू. जुन्या सुती लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, तारेला एक वेढा द्यायचा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. पट्टी हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) रिमपर्यंत (बाहेरच्या कड्यापर्यंत) सरकवत न्यायची. बुलेटच्या एका चाकात ४० तारा, म्हणजे दोन चाकांच्या ८०. तारेला वीस सेकंद धरली तर अर्ध्या तासाचं काम.

या अर्ध्या तासात प्रत्येक तारेवरून आपला हात फिरतो. दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे घासल्याची खूण आहे का, हबपाशी तार वाकते त्या कोपऱ्यात लाल रेघ आहे का, निप्पलपाशी (तार रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटापाशी) काही सैल लागतंय का, सगळं कळतं. मला चमक नको आहे, हे कळणं हवं आहे. तुमचं मत काय?

रंकाळ्याचा_वारा

सपशेल असहमत. माझी गाडी १९८४ सालची आहे, वडिलांनी घेतलेली. दर महिन्याला मी ऑटोसॉलचं मेटल पॉलिश लावून एकेक तार उजळतो, आणि आजही त्यात तोंड दिसतं. करडा थर म्हणजे संरक्षण वगैरे ठीक, पण गुळगुळीत तारेवर चिखल बसत नाही, पाण्याचा थेंब ठरत नाही, हे मी चाळीस दसरे बघत आलोय. आमच्याकडं दसऱ्याला गाडी बाहेर काढली की माणसं थांबून बघतात. त्या गाडीवर वडिलांनी आम्हाला पहिल्यांदा पन्हाळ्याला नेलं होतं. ती मी करडी ठेवू? मला ते जमणार नाही.

जांभाखडक

दादा, तुमच्या भावनेबद्दल आदरच आहे. एकच विचारतो: तारा मूळच्याच आहेत का? चाळीस वर्षं पॉलिश खाऊन जस्त शिल्लक राहणं कठीण आहे.

रंकाळ्याचा_वारा

मूळच्या नाहीत. रिम बदलली तेव्हा स्टेनलेसच्या बसवल्या, पंधरा-सोळा वर्षं झाली. पण रिम क्रोमची आहे आणि तिलाही मी तेच पॉलिश लावतो.

जांभाखडक

मग तारांपुरता आपला वादच नाही. स्टेनलेसला वरून थर नसतो, धातूच आरपार तसा असतो. खुशाल उजळा. क्रोमच्या रिमला मात्र जरा बेताने. वरचा क्रोमचा थर एका मायक्रोनपेक्षाही पातळ असतो, खाली निकेल आणि त्याखाली पोलाद. जस्तासारखं क्रोम पोलादासाठी झिजत नाही. बारीक भोक पडलं की आतल्या आत गंज पसरतो आणि वर नुसता तांबूस ठिपका दिसतो. अशा ठिपक्यांवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडा येत नाही. मग पुसून वॅक्स.

रोज_साठ_किमी

तुम्हा दोघांकडे रविवार आहे, म्हणून ही चर्चा होऊ शकते. मी चाकणला कामाला जातो. रोज साठ किलोमीटर, शिफ्ट बदलती, घरी लहान मूल. अर्धा तास तारा पुसायच्या कधी? महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुऊन घेतो. सात वर्षांत एकही तार तुटली नाही. गाडी वापरायला असते. जो माणूस रोज चालवतो त्याला अशा धाग्यांमुळे उगाच अपराधी वाटतं, ते मला पटत नाही.

जांभाखडक

अपराधी वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा. पण प्रेशरच्या पाण्याबद्दल माझी तक्रार आहेच. तारांची रिम बंद नसते. प्रत्येक निप्पलचं भोक आणि व्हॉल्व्हचं भोक आत उघडतं, तिथून पाणी रिमपट्टीखाली जाऊन बसतं आणि रिम आतून गंजते. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या वेळी पंक्चरवाल्याने टायर उतरवला की रिमच्या आत एकदा बोट फिरवून बघा. हबच्या सीलवर थेट धार मारली की बेअरिंगचं ग्रीसही धुतलं जातं.

रोज_साठ_किमी

धार लांबून आणि तिरकी मारायला सांगतो, हबवर मारू देत नाही. एवढं पुरतं असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. पण रिमच्या आत बघेन, ते कधी बघितलं नव्हतं.

खारा_वारा

रत्नागिरीहून लिहितोय, घर मांडवीजवळ. तुमचं जस्त, साय, कल्हई सगळं घाटावर ठीक आहे. इथे हवेतच मीठ आहे. गाडी आठ दिवस नुसती उभी राहिली तरी तारांवर पांढरं फुटतं. लुगड्याच्या पट्टीने काय होणार? मी पावसाळा संपला की आठवड्यातून दोनदा गोड्या पाण्याने नुसती चाकं विसळतो. (पावसात ते काम पाऊसच करतो.) वाळली की फडक्यावर इंजिन ऑइलचे चार थेंब घेऊन तारांवरून फिरवतो. धूळ बसते, काळं दिसतं, मान्य. पण तार राहते. करडी दिसते की काळी, याचं मला काही नाही.

रंकाळ्याचा_वारा

तेल? चाकाला? एक थेंब ड्रममध्ये गेला तर ब्रेक लागेल का? आणि धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरच झाला की तो.

खारा_वारा

फडक्यावर घेतो म्हणालो, ओतत नाही. मागे ड्रम आहे, हबपासून चार बोटं अलीकडेच थांबतो. पुढे डिस्क आहे, तिच्या बाजूला तर तेलाचं फडकं नेतच नाही. स्प्रे मात्र कोणी मारू नका, तो कुठे उडतो ते दिसत नाही. बरेच जण डब्ल्यूडी-४० मारून निश्चिंत होतात. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं. १९५३ साली ते बनलं तेच त्यासाठी. पाणी हटवतं, पण मागे राहणारा थर इतका पातळ असतो की खाऱ्या हवेत आठवडाही काढत नाही. हा माझा अनुभव.

गॅरेजची_मुलगी

वडिलांचं गॅरेज आहे, गेली नऊ वर्षं मीही बसते. चाक बांधणं आणि आउट काढणं (डगमगत फिरणारं चाक सरळ करणं) हे मुख्यतः माझ्याकडे असतं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले.

धागाकर्त्यांच्या बऱ्याच गोष्टी बरोबर आहेत, पण पुसताना सगळं कळतं हे मला मान्य नाही. तार तुटते ती बहुतेक वेळा हबच्या भोकात, वाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे ना फडकं पोचतं ना डोळा. मी ज्या तुटलेल्या तारा काढते त्यातल्या कितीतरी बाहेरून स्वच्छ असतात. त्या तुटतात त्या सैल राहिल्यामुळे. सैल तार प्रत्येक फेरीला ताणते आणि सुटते, आणि तिच्या वाट्याचा भार शेजारणीवर जातो.

त्यामुळे पुसून झाल्यावर छोटा पाना घेऊन प्रत्येक तारेवर हलकेच वाजवा. घट्ट तार टिंग करते, सैल तार थड करते. एक चूक लोक हमखास करतात: मागच्या चाकाला दोन्ही बाजूंच्या तारांचा आवाज सारखा यावा अशी अपेक्षा धरतात. ब्रेकच्या बाजूच्या आणि चेनच्या बाजूच्या तारांची लांबी नि कोन वेगळे असू शकतात, आवाजही वेगळा येणारच. एका बाजूच्या तारा त्याच बाजूच्या तारांशी ताडून बघा.

आणि थड ऐकू आलं म्हणून घरी पाना घेऊन आवळू नका. एक तार आवळली की रिम तिकडे खेचली जाते, मग दुसरी आवळता, आणि दोन दिवसांनी आठाचा आकडा झालेलं चाक माझ्यासमोर येतं. गंजून धरलेलं निप्पल जोर लावून फिरवलं तर त्याचे कोपरे झिजतात, तेव्हा ती तार कापूनच काढावी लागते.

प्रेशरबद्दल: साठ किलोमीटर चालवणाऱ्या दादांना माझा विरोध नाही. धुतल्यावर गाडी स्टँडला लावून ठेवू नका, दोन-चार किलोमीटर फिरवून आणा, रिममधलं बरंचसं पाणी बाहेर फेकलं जातं. सात वर्षं तार तुटली नाही ते साहजिक आहे, तुमची गाडी रोज फिरते. चाकं जास्त करून उभ्या गाड्यांची सडतात.

जांभाखडक

ताई, वाकणाच्या आतल्या बाजूचं तुम्ही म्हणता ते मी धरलंच नव्हतं. "सगळं कळतं" हे माझं वाक्य मागे घेतो. चमकवण्याबद्दलचं मात्र कायम ठेवतो. आता त्या मुलाचं काय करावं? पुढच्या चाकाच्या साधारण निम्म्या तारा खरवडून झाल्या आहेत.

गॅरेजची_मुलगी

आधी भरपूर पाण्याने धुवा, चिंचेचा अंश राहायला नको. पूर्ण कोरडं करा, हवं तर उन्हात ठेवा. मग वॅक्सचा हात द्या, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत दर महिन्याला. जस्ताचा स्प्रे मिळतो, पण डिस्क झाकून, प्रत्येक तारेमागे पुठ्ठा धरून मारणार असलात तरच. एखाद्या तारेवर नखाला खड्डा लागत असेल तर वॅक्स लावू नका, ती तार बदला. एक तार बदलायला फार खर्च नाही.

रंकाळ्याचा_वारा

पोराला ओरडू नका हो. हार घालायचा म्हणून बसला होता ना तो.

जांभाखडक

ओरडणार नाही. रविवारी सकाळी त्याला खाली बोलावलंय, पट्टी माझी, वॅक्स त्याचं. चाळीसच्या चाळीस तारांवरून नख फिरवून बघतो आणि खड्डा लागेल त्या तारेला दोरा बांधून फोटो इथे टाकतो. ताई, तेव्हा जरा बघाल का?

गॅरेजची_मुलगी

टाका. फोटो हबच्या बाजूने, जवळून आणि उजेडात काढा.