वेप पुण्याला आणता येतो का? अर्जंट मदत हवी आहे

सिंहगडरोड
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. वेप (बॅटरीवर लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट) पुण्याला घेऊन यायचाय, एअरपोर्टवर अडवतात का? हातातल्या बॅगेत ठेवू की चेक-इनमध्ये टाकू? एवढ्यात कुणी आणलाय का? नेटवर जिकडेतिकडे वेगळं लिहिलंय, डोकं फिरलंय. प्लीज लवकर सांगा, वेळ कमी आहे.

पोटमाळा
कुठून येताय? मध्ये कुठे थांबताय? सुट्टीवर की कायमचे? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर कोण काय सांगणार.

मनीषा_ठाणे
बॅटरीवालं काही चेक-इनमध्ये टाकू नका. माझ्या नवऱ्याची पॉवरबँक बॅगेत राहिली तर नाव पुकारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावली, वरच लोणच्याच्या बरण्या होत्या.

कलम_आणि_कायदा
आणूच नका. भारतात ई-सिगारेटवर सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. ओढण्यासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही म्हणून बरेच जण 'स्वतःपुरता चालतो' असं सांगतात, पण बाहेरून बॅगेत घालून आणलात की ती आयातच झाली. त्यामुळे कुठली बॅग हा प्रश्नच उरत नाही.

रॉकी_पिंपरी
झीरो निकोटीनचं लिक्विड आणा ना मग, त्याला काय हरकत?

कलम_आणि_कायदा
नाही चालत. कायद्यातल्या व्याख्येतच आहे की निकोटीन असो वा नसो. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता नुसती तापवणारी यंत्रंसुद्धा त्यातच येतात. कृपया अशी अर्धवट माहिती देऊ नका, माणूस अडकेल.

सिंहगडरोड
इंग्लंडमधल्या लेस्टरहून. दोहामार्गे. कायमचा. ११ दिवसांनी फ्लाइट आहे. आता तरी कुणी उपाय सांगा, कायदा कळला.

पोटमाळा
कतारमध्येही बंदी आहे, म्हणजे दोहालाच अडचण. पण मला एक सांगा, एवढं अडलंय कशासाठी? शौक म्हणून ओढत असाल तर विमानात बसायच्या आधी फेकून द्या, विषय संपला.

सिंहगडरोड
शौक नाही हो. मी बारा वर्षं सिगारेट ओढायचो, दिवसाला पंधरा. पुण्यात कंपनीच्या गेटबाहेर टपरी होती, चार वाजता खाली उतरलो की दोन सलग. लेस्टरला आल्यावर तिथल्या सिगारेट सोडवायच्या केंद्रात गेलो, त्यांनी वेपचा स्टार्टर किट दिला. दर आठवड्याला नळीत फुंकायला लावून कार्बन मोनॉक्साइड मोजायचे, पहिल्या दिवशी आकडा २३ आला होता आणि महिन्याभराने २. तो २ बघून मी बाहेर येऊन बायकोला फोन केला होता. त्याला आता १९ महिने झाले, एकही सिगारेट नाही. आणि आता त्याच कंपनीत, त्याच गेटवर परत येतोय. वेप मिळणार नाही आणि सिगारेट दहा पावलांवर. हे आधीच लिहायला हवं होतं.

भीमाशंकर
मग बंदीचा उपयोग काय झाला सांगा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याने २०१५ मध्येच सांगितलं होतं की वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. आपल्याकडे जी जळते ती टपरीवर मिळते, एकेक सुटी मिळते, आणि जी जळत नाही त्यासाठी तुरुंग. सिगारेटमध्ये जीव घेतो तो धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटीन सवय लावतं, कॅन्सर मुख्यतः धुरामुळे होतो.

नाशिकची_बाई
मी नववी-दहावीला शिकवते. गेल्या वर्षी एका मुलाच्या कंपासपेटीत पेनासारखं काहीतरी सापडलं, कलिंगडाचा वास येत होता, मला वाटलं खोडरबर आहे. त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती, त्याची सुरुवातच तिथून झाली. तुमचे ते ९५ टक्के या मुलाला कसे लावणार? बंदी असून ही परिस्थिती, उठवली तर शाळेसमोर दुकानं लागतील.

भीमाशंकर
बाई, बंदी असूनही मिळालंच ना त्याला? चोरट्या मालात काय भरलंय ते कुणी तपासतं का? यूकेत निदान एका मिली लिक्विडमध्ये २० मिलिग्रॅम निकोटीनची मर्यादा आहे, १८ वर्षांखाली विक्री नाही.

नाशिकची_बाई
आणि तिथेही मुलांच्या हातात गेलंच, म्हणून १ जून २०२५ पासून वापरून फेकायचे वेप त्यांनी बंद केले. हेही सांगा की.

फुप्फुस
त्या ९५ टक्क्यांबद्दल. तो तज्ज्ञांनी एकत्र बसून काढलेला अंदाज होता, माणसांना वीस-तीस वर्षं बघून केलेलं मोजमाप नाही. ओढणाऱ्यासाठी वेप सिगारेटपेक्षा बराच कमी घातक हे मलाही पटतं, पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. अमेरिकेत २०१९ ला वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली ते आठवा, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात आणि ६८ मृत्यू.

भीमाशंकर
ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरट्या कार्ट्रिजमुळे, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं होतं. दुकानातल्या निकोटीन वेपवर ते ढकलू नका.

वर्धेचा_पोरगा
तुमचं शहरातलं चालू द्या, आमच्याकडे खर्रा चालतो. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून हातावर घोटतेत, सकाळी सातपासून. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत देशात ओढणारे १०.७ टक्के अन् बिनधुराचा तंबाखू खाणारे २१.४ टक्के होते. माझ्या काकाचा जबडा दोन बोटं उघडत नाही, वरण-भात पातळ करून द्यावा लागते. त्याच्यावर कोणी धागा काढत नाही.

गवती_चहा
इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करा. माझी वीस वर्षांची बिडी तिथे सुटली, आजतागायत हात लावला नाही. सोबत बडीशेप आणि ज्येष्ठमध चघळा.

सिंहगडरोड
अहो, उतरल्यावर चौथ्या दिवशी जॉइन व्हायचंय, दहा दिवस कुठून आणू. प्लीज विषयावर बोला.

नॉटिंगहॅम_फार्मसी
मी इथे फार्मसीत काम करते. किती मिलिग्रॅमचं लिक्विड? दिवसाला किती? आणि सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने?

सिंहगडरोड
१० चं निकोटीन सॉल्ट, मिंट. २ मिलीचा पॉड (लिक्विडची छोटी कुपी) दीड दिवस जातो. पहिला झुरका दात घासायच्या आधी.

नॉटिंगहॅम_फार्मसी
मग विमानाच्या दिवशी एकदम तोडू नका, आजपासूनच बदल सुरू करा. ज्या केंद्राने किट दिला तिथेच उद्या जा आणि निकोटीनचा पॅच (कातडीवर लावायची पट्टी) अधिक निकोटीनचा गम मागा. पॅच दिवसभर हळूहळू निकोटीन देतो, गम तलफ आली की त्या क्षणासाठी. डोस तेच ठरवतील. गम च्युइंगमसारखा चावत बसू नका, सगळे तिथेच चुकतात. चार-पाच वेळा चावा, जिभेला मिरीसारखं झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चव गेली की परत चावा. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं घेऊ नका, काम करत नाही. चावून गिळलात तर उचक्या आणि जळजळ. पुण्यात २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला चिठ्ठी लागते.

फुप्फुस
अनुमोदन. २०१९ च्या ब्रिटिश अभ्यासात वेप घेणारे १८ टक्के वर्षभर सिगारेटपासून लांब राहिले, पॅच-गमवाले ९.९ टक्के. पण सुटलेल्यांपैकी ८० टक्के वेपवाले वर्षानंतरही वेपच ओढत होते. तुमचंही तेच झालंय, त्यात लाज वाटायचं कारण नाही. पुण्यात उतरल्यावर फॅमिली डॉक्टरांना सगळं खरं सांगा, तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही असतात. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

मनीषा_ठाणे
अवांतर: घरसामान कार्गोने पाठवताय का? आम्हाला हवं आहे.

सिंहगडरोड
अपडेट. जाऊन आलो, पॅच आणि गम मिळाला. गम पहिल्यांदा चुकीचाच चावला, उचक्या लागल्या, मग ताईंनी सांगितल्यासारखा गालात ठेवला. वेप निघायच्या आदल्या दिवशी दुकानातल्या परतीच्या डब्यात टाकणार. नाशिकच्या बाई, तुमचं पटलं, माझी मुलगी सातवीत आहे. भीमाशंकर, तुमचंही पटलं, कारण वेप नसता तर मी आज १५ वरच असतो. आता मला भीती फक्त चार वाजताची आहे. ती टपरी अजून तिथेच आहे, मित्राला विचारलं.

धायरीकर
मी रोज चारला वडगाव पुलाखाली चहाला असतो, सिगारेट सोडून सहा वर्षं झाली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर घ्या. पहिला महिना चारला खाली न उतरता मला फोन करा.