अनुभव धागा: हॅमरेजनंतर तुमच्या शेजारी कोण होतं?

नव्याने डावखुरी

काल खण आवरताना तळाशी एक पेन्सिल सापडली. स्पंज गुंडाळलेली, वरून रबरबँड. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

सहा वर्षांपूर्वी मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला, बीपीमुळे. बीपी आहे हे माहीत होतं, गोळ्या मात्र मनाला येईल तेव्हा घ्यायचे. उजवा हात आणि पाय लुळा पडला, शब्द अडायला लागले. डॉक्टर चांगले होते, घरचे रात्रंदिवस उशाशी. पण जो तो "होईल सगळं नीट" म्हणायचा आणि ते ऐकलं की मी भिंतीकडे तोंड करायचे. यांना काय माहीत? यांच्यापैकी कोणाला झालंय?

फिजिओच्या हॉलमध्ये शेजारच्या गादीवर एक बाई यायच्या. माझ्या चौदा महिने आधी त्यांना झालेलं. त्यांनी कधीच "होईल" म्हटलं नाही. पहिल्या दिवशी माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुपारनंतर जास्त आखडतात ना? माझीपण. जे करायचं ते सकाळी करत जा." एवढंच. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ही पेन्सिल आणून दिली. जाड केली की पकड बसते. स्पंजाला एका बाजूने तिरका काप आहे, अंगठा टेकायला. त्यांचा स्वतःचा अंगठा तोवर नीट वळत नव्हता. मग तो काप त्यांनी कसा दिला असेल, हे मला काल सुचलं. सहा वर्षांनी.

आता मी लिहिते डाव्या हाताने. उजव्याने सही येते, तीही त्याच पेन्सिलीची देणगी.

तुम्हाला असं कोण भेटलं? ज्यांना झालं त्यांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. तुटक चालेल, चुका चालतील.

बाबांची लेक

सकाळी सकाळी रडवलंत हो ताई. बाबांचं लिहायचंय, पण आता आंघोळ घालायची आहे त्यांना. संध्याकाळी येते.

डावीकडे बघ

माझं उजव्या मेंदूतलं. हातपाय बऱ्यापैकी वाचले, पण डावी बाजूच जगातून नाहीशी झाली. ताटातलं उजवीकडचं संपवायचो आणि म्हणायचो, वाढा अजून. दाढी अर्ध्या गालाची. घरचे वैतागायचे, दिसत नाही का तुम्हाला? डोळे ठणठणीत होते, मेंदूच डावीकडे लक्ष द्यायचं सोडून बसला होता.

हे मला उमगलं ते खोलीतल्या दुसऱ्या पेशंटमुळे. त्याचंही तेच. त्याने वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल स्केचपेनने उभी रेघ मारून दिली. म्हणाला, रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायची. रेघ दिसली नाही तर समजायचं की ओळ अर्धवट वाचतोय. पहिल्या दिवशी एक बातमी वाचायला मला पाऊण तास लागला. पण अर्थ लागला! त्याआधी महिनाभर मला वाटत होतं की लोकांनी बातम्या नीट लिहायचं सोडलंय.

त्यालाही ती रेघ कोणीतरी शिकवलेली. मी पुढे तिघांना शिकवली. घरात अजून हाक ऐकू येते, "डावीकडे बघा!" म्हणून हे नाव.

वाचनमात्र

हे सगळं वाचून अंगावर काटा. माझ्या मावशीला झालं होतं, आम्ही तिला "लक्ष दे जरा" म्हणून बोलायचो. आज कळलं.

रात्रपाळी

पेशंट नवरा, मी बाहेरच्या बाकावर. त्यांची अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, फुटली होती. डोक्यात एकदम वीज कोसळली असं म्हणाले आणि पडले. कॉइलिंग झालं, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊन तो फुगा आतून बंद केला. डॉक्टर म्हणाले नीट झालं, मला वाटलं सुटलो.

शेजारच्या बाकावर एक ताई होत्या, त्यांच्या भावाचा अकरावा दिवस. त्यांनी मला सांगितलं की आता चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे रक्तवाहिन्या आकसायची भीती असते, म्हणून आयसीयूतून हलवत नाहीत, म्हणून दर चार तासांनी ती गोळी, रात्री उठवूनसुद्धा. डॉक्टरांनी हे सांगितलं असणारच. माझ्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

त्यांच्याकडे एक वही होती. पानाच्या मधोमध रेघ. एका बाजूला डॉक्टर काय म्हणाले, दुसऱ्या बाजूला आपल्याला काय कळलं नाही. त्यांनी मागची कोरी पानं फाडून मला दिली. मी तशीच रेघ मारली. राउंडच्या वेळी दुसऱ्या बाजूचं वाचून दाखवायचं, रडायचं नंतर.

त्यांचा भाऊ तेराव्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी त्या कागदपत्रांसाठी आल्या होत्या. माझ्या बाकापाशी थांबल्या आणि विचारलं, "काल ताप होता ना यांना, उतरला का?"

नवरा आज कामावर जातो. मी त्या ताईंचं नावसुद्धा विचारलं नाही.

नव्याने डावखुरी

रात्रपाळी, काय लिहू. फक्त वाचलं म्हणून सांगते.

एकवीस दिवस

मला होऊन सात आठवडे. कॉइलिंग. बाहेरून काही दिसत नाही त्यामुळे सगळे म्हणतात नशीबवान आहेस. मिक्सर लावला तर सहन होत नाही. आंघोळ केली की तासभर आडवं व्हावं लागतं. हे असंच राहणार का. स्क्रीनकडे जास्त बघवत नाही

जुनी छत्री

अगं सात आठवडे म्हणजे काल झाल्यासारखं आहे. माझीपण कॉइलिंग, चार वर्षं झाली. आंघोळीनंतरची झोप मला पाच महिने लागत होती. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी आळशी झाले असं समजून स्वतःला ढकलत राहिले आणि मग दोन दोन दिवस पडून. आंघोळीला स्टूल घे, बसून कर. उभं राहणं, पाण्याचा आवाज, हात वर करणं, सगळं एकाच वेळी सांभाळताना मेंदूची दमछाक होते. आदल्या दिवशी कपडे काढून ठेव म्हणजे सकाळी तेवढा एक निर्णय कमी.

एक मात्र ध्यानात ठेव. थकवा वेगळा आणि गुंगी वेगळी. चाल बिघडली, लघवी कळेनाशी झाली, डोकं जड होऊन उलट्या सुरू झाल्या, तर थकवा समजून घरी बसू नकोस. माझ्या डोक्यात तिसऱ्या महिन्यात पाणी साठलं होतं, शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवावा लागला. आणि पहिल्यासारखी एकदम असह्य कळ आली तर कोणाला विचारत बसू नकोस, सरळ इमर्जन्सीत.

डावीकडे बघ

मिक्सरवरून आठवलं. कानात बोळे घालता का कोणी? मी मोठे हेडफोन घालतो, गाणं न लावता. लोकांना वाटतं गाणं ऐकतोय, त्यामुळे बोलायला येत नाहीत. दुहेरी फायदा.

रात्रपाळी

यांना फोमचे बोळे चालतात. पण दिवसभर नका घालू, कान मग बारीक आवाजानेही दचकतो, आमच्या थेरपिस्टने सांगितलेलं.

जुनी छत्री

बरोबर. आवाजाच्या वेळेपुरतेच.

बाबांची लेक

आले एकदाची.

बाबांना फक्त एक शब्द उरला होता, "चल". पाणी हवं, चल. पंखा बंद कर, चल. आई दिसली की चल चल चल, आणि डोळ्यांत पाणी. त्यांना सगळं समजत होतं. आत शब्द होता, बाहेर "चल" यायचा, आणि तो चुकीचा आलाय हेही त्यांना ऐकू यायचं. हेच सगळ्यात वाईट.

स्पीच थेरपीत आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवत. तिथे एक काका होते, त्यांच्याकडे तीन शब्द. थेरपिस्ट मॅडमनी आम्हा घरच्यांना सांगितलं होतं की १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी असाच एक पेशंट पाहिला, ज्याला "तां" एवढंच म्हणता यायचं, बाकी समज शाबूत. तो वारल्यावर मेंदूतली जखम दिसली आणि बोलण्याचा भाग कुठे असतो ते कळलं. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, मी एकटा नाही.

मग मॅडम म्हणाल्या, पाढे म्हणू. पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं म्हणे, आकडे, वार, गाणी. त्यांनी "बे एके" म्हटलं आणि बाबा म्हणाले "बे". आम्ही गारठलो. बे दुणे चार, बे त्रिक सहा, धडाधड. "बे साती"ला अडकले. खोलीत कोणी हलेना. मी पुढचा आकडा सांगणार तेवढ्यात त्या तीन शब्दवाल्या काकांनी मला हाताने थांबवलं आणि बाबांच्या गुडघ्यावर ताल धरला. टक, टक, टक. कितीतरी वेळ. आणि बाबा म्हणाले, "चौदा."

काका आनंदाने ओरडले, "अरे! अरे! अरे!" त्यांच्या तीनपैकी तो एक.

मी सांगून टाकलं असतं ना. आम्ही घरचे नेहमी सांगून टाकतो. थांबायचं किती हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

आता दोघं फोनवर बोलतात. दहा दहा मिनिटं. इकडून "चल", तिकडून "अरे". फोन ठेवल्यावर बाबांचा चेहरा बघावा.

वाचनमात्र

चौदा 😭

खिडकीपाशी

बे सख बारा की बे सक बारा? आमच्या घरी यावरून भांडण व्हायचं.

बाबांची लेक

बाबा सख म्हणतात 😊

डावीकडे बघ

आमच्या आजोबांना पावकी-निमकीपण येत होती. ती कोणाला येते का आता?

खिडकीपाशी

विषयावर येते. मला उलटा अनुभवही आहे, तो सांगायला हवा. आमच्या हॉलमध्ये एक गृहस्थ होते, रोज सांगायचे, मी तिसऱ्या महिन्यात जिने चढलो, तुमचा आठवा ना? मनाने वाईट नव्हते. पण कोणाचा रक्तस्राव कुठे, केवढा, हे बघायचंच नाही का? मी घरी येऊन जेवायची नाही. आणखी एकाने सांगितलं की त्याने बीपीच्या गोळ्या सोडल्या, काही झालं नाही. त्याला झालेलं होतं म्हणून मी विश्वास ठेवला. चार दिवस सोडल्या. पाचव्या दिवशी वरचं बीपी १९०. पुन्हा काही फुटलं नाही हे दैव.

नव्याने डावखुरी

बरं झालं लिहिलंत. माझ्या त्या बाईंना मी एकदा गोळ्यांचं विचारलं होतं. म्हणाल्या, "ते माझं खातं नाही, डॉक्टरांना विचार. बोटं दुखतात कशी ते मला विचार." मला हीच कसोटी वाटते. जो औषध सांगतो त्याच्यापासून चार हात लांब, जो आपल्याला काय होतंय ते आपल्याआधी ओळखतो त्याला धरून राहायचं.

पायरीपायरीने

सगळ्यांना नमस्कार. गाडी चालवायला किती दिवसांनी सुरुवात केली? फिट आलेली नाही.

रात्रपाळी

दादा, हे न्यूरोलॉजिस्टनाच विचारा, नजरेची तपासणी करून घ्या. यांची डाव्या बाजूची नजर कमी झालेली, ते स्वतःला कळलंच नव्हतं.

पायरीपायरीने

ओके धन्यवाद. धागा छान आहे, नंतर लिहितो. मलापण एक वॉर्डबॉय भेटला होता, त्याच्या आईला झालेलं. लिहीन.

खिडकीपाशी

कोणाला भलत्या वेळी रडू किंवा हसू येतं का? मला वाईट बातमी ऐकून हसू फुटलं होतं, आवरेचना. लोक आजही बोलत नाहीत माझ्याशी.

जुनी छत्री

येतं गं. मला जाहिरात बघूनही हुंदके. मनात काही नसताना. डॉक्टरांना सांग, त्यावर औषध असतं. आणि आता असं झालं की शेजारच्या माणसाला आधीच सांगायचं, "हे आजाराचं आहे, दोन मिनिटांत थांबेल." मला हे वाक्य एका आजींनी पाठ करून घेतलं होतं, दहा वेळा म्हणायला लावलं.

खिडकीपाशी

लिहून घेतलं. भिंतीवर लावते.

एकवीस दिवस

स्टूल आणलं. आज बसून केली आंघोळ. नंतर चाळीस मिनिटं झोपले, तासाच्या जागी. जुनी छत्री ताई, मेसेजमध्ये नंबर पाठवलाय. फोन केला तर चालेल का? बोलताना मधेच शब्द जातात माझे

जुनी छत्री

जाऊ देत. मी थांबते, मला सवय आहे. फक्त सकाळी कर हं, दुपारी मी झोपलेली असते.