इमर्जन्सी मेडिसिन घेऊ का? घरचे म्हणतात हे तर कॅज्युअल्टीचं काम

इंटर्न_नागपूर:
नमस्कार मंडळी. इथे नागपुरातच इंटर्नशिप सुरू आहे, सध्या कॅज्युअल्टीत पोस्टिंग आहे आणि मला हे काम जाम आवडायला लागलंय. नीट पीजीला एमडी इमर्जन्सी मेडिसिन घ्यावं असं डोक्यात आहे, पण घरी विषय काढला की बाबा म्हणतात मेडिसिन घे, ऑर्थो घे, सीएमओचं म्हणजे कॅज्युअल्टीतल्या ड्युटी डॉक्टरचं काम तर एमबीबीएसवालेही करतात मग त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची. एक सिनियर म्हणाला ही ब्रांच आपल्याकडे अजून सेटलच नाही. बाहेर खरंच याला किंमत आहे का? या लाइनमध्ये आहेत त्यांनी प्लीज मोकळं सांगा.

ईडीवाला_धंतोली:
बाबा म्हणतात तेच अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी म्हणायचे. तिथेही इमर्जन्सी रूममध्ये ज्याची पाळी तो बसायचा, कधी इंटर्न तर कधी स्किनवाला. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात चार डॉक्टरांनी आपली प्रॅक्टिस सोडून फक्त हेच काम फुल टाइम करायचं ठरवलं. १९६८ ला संघटना झाली, १९७० ला सिनसिनाटीला पहिली रेसिडेन्सी, आणि स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली थेट १९७९ ला. जुन्या ब्रांचेसचा विरोध होताच, कारण "आमचे पेशंट तुम्ही का बघणार" हा प्रश्न सगळीकडे तोच असतो.

आपल्याकडे एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, २००९ मध्ये मान्यता दिली, डीएनबी (एमडीच्या बरोबरीची डिग्री) त्यानंतर आलं. म्हणजे आपण उशिरा निघालो, पण अगदी शेवटचे नाही. स्वीडनमध्ये ही स्वतंत्र स्पेशालिटी झाली २०१५ ला! जर्मनी-फ्रान्सकडे तर विचारच वेगळा, तिथे डॉक्टरच अँब्युलन्समध्ये बसून पेशंटच्या दारात जातो, त्यामुळे हॉस्पिटलच्या दारात वेगळा स्पेशालिस्ट हवा हे पटायला त्यांना खूप वेळ लागला.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. एमसीआयच्या जागी आलेल्या एनएमसीने २०२० च्या नियमांत मेडिकल कॉलेजला इमर्जन्सी मेडिसिनचा विभाग सक्तीचा केला आणि २०२३ च्या नियमांत सक्तीच्या यादीतून तो काढला. विभाग नाही तर प्रोफेसरची पोस्ट नाही, पोस्ट नाही तर पीजी सीट नाही, आणि मग मान्यता नुसती कागदावर राहते. तुझा सिनियर सेटल नाही म्हणतो ते या अर्थाने बरोबर आहे.

सिस्टर_सक्करदरा:
मी डॉक्टर नाही, कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, तरी बोलते. भाऊ, सीएमओ आणि शिकलेला इमर्जन्सीवाला यात काय फरक असते ते आम्ही रोज पाहून राहिलो. पावसाळ्यात एका हॉस्पिटलात पहाटे एक पोरगा आला, नुसतं पोट दुखते म्हणे, अंगावर कुठे काही खूण नाही. सर्जरीवाले म्हणाले मेडिसिनला दाखवा, मेडिसिनवाले म्हणाले आधी सोनोग्राफी करून आणा, आणि पोरगा स्ट्रेचरवरच. तेवढ्यात नवीन आलेल्या इमर्जन्सीच्या मॅडम आल्या, त्यांनी फक्त विचारलं रात्री खाली झोपला होतास का, आणि वर बघ म्हणाल्या. पापण्या उचलेनात. मण्यार! एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं, श्वासाची ट्यूब टाकायचं सामान उशाशी आणून ठेवलं आणि खरंच थोड्या वेळाने टाकावी लागली. पोरगा चालत घरी गेला. आता सांगा, हा पेशंट कोणत्या ब्रांचचा होता?

कापसाच्या फवारणीचे पेशंट येतात, मे महिन्यात उष्माघाताचे येतात, समृद्धीवरचे अॅक्सिडेंट येतात. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून रेफर होऊन सगळे इथेच येतात ना. फवारणीवाल्याला विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिन दिलं की दर पाच मिनिटांनी छाती ऐका, कोरडी नाही झाली तर डोस डबल करा, हे उशाशी उभं राहून करावं लागते, फोनवर ऑर्डर देऊन नाही होत. बाबांना एक रात्र आमच्याकडे पाठवा.

नागपूरकर_लीड्स:
ताई, तुम्हाला सलाम. इकडे इंग्लंडमध्येही १९६७ ला कॅज्युअल्टी सर्जन लोकांनी संघटना केली तेव्हा त्यांना कोणी फार विचारत नव्हतं, मग १९७२ च्या सुमारास पहिले कन्सल्टंट नेमले आणि चित्र बदलत गेलं, कारण रात्री डिपार्टमेंटला उत्तर देणारा एक माणूस ठरला. आज ईडीचा म्हणजे इमर्जन्सी डिपार्टमेंटचा कन्सल्टंट हा कोणाच्या हाताखालचा नाही, आयसीयूवाल्याशी बरोबरीने बोलतो. पण दमणूक खरी आहे, नाइट्स आणि वीकेंड कायमचे, गर्दीमुळे पेशंट कॉरिडॉरमध्ये असतात तेव्हा फार वाईट वाटतं. हे धरूनच निर्णय घे.

इंटर्न_नागपूर:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताईंची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, ते काहीच बोलले नाहीत पण परत मागून स्वतः वाचली. अजून एक, रँक नाही आला तर कॉर्पोरेट हॉस्पिटलमधला एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) करू का?

ईडीवाला_धंतोली:
एमईएममध्ये काम चांगलं शिकवतात, माझे काही उत्तम सहकारी तिथलेच आहेत. पण ती डिग्री एनएमसीच्या मान्य यादीत नाही, म्हणजे मेडिकल कॉलेजात शिकवायची पोस्ट त्यावर मिळत नाही. आणि आपल्याला आत्ता शिकवणारेच कमी आहेत. म्हणून आधी एमडी किंवा डीएनबीसाठी एक ड्रॉप घ्यायची तयारी ठेव, सीट विदर्भाबाहेर मिळाली तरी जा, आणि शिकून परत ये. एमआरसीईएमची, म्हणजे इंग्लंडच्या इमर्जन्सी मेडिसिन कॉलेजची परीक्षा हवी तर पुढे देता येते.