फिजिक्सवाल्यांना रियल अ‍ॅनालिसिस सक्तीचं नको म्हणे!

बाकी_शून्य:
परवा लोलक यांनी इथेच लिहिलं की फिजिक्सच्या पदवीतून रियल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसमागची काटेकोर सिद्धता) काढून टाका, मॅथेमॅटिकल मेथड्सचा एक पेपर भरपूर झाला, एप्सिलॉन-डेल्टावाचून (किती चूक चालेल ते आधी ठरवून त्यासाठी किती जवळ राहावं लागेल ते सिद्ध करण्यावाचून) कुणाचं काही अडत नाही. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. लांबण लागेल, आधीच सांगतो.
तुम्ही फिजिक्सवाले दिसेल ते फंक्शन टेलर सिरीजमध्ये, म्हणजे एक्सच्या वाढत्या घातांच्या बेरजेत, उघडता, पहिल्या दोन टर्म ठेवता आणि बाकीच्या फेकून देता. ठीक. आता ई चा घात उणे एक भागिले एक्स वर्ग हे फंक्शन घ्या, शून्यावर किंमत शून्य धरा. सिरीजच्या टर्म डेरिव्हेटिव्हवरून (बदलाच्या दरावरून) ठरतात, आणि शून्यापाशी याचं पहिलं डेरिव्हेटिव्ह शून्य, दुसरं शून्य, शंभरावंही शून्य. म्हणजे टेलर सिरीज काय, तर शून्य अधिक शून्य अधिक शून्य. आणि फंक्शन मात्र त्या एका बिंदूखेरीज कुठेच शून्य नाही! हे मी फिजिक्सच्या एका एमएस्सीवाल्याला दाखवलं तर म्हणतो, "हे तुम्ही मुद्दाम बनवलंय, निसर्गात असलं काही नसतं." अरे बाबा, 1957 ची सुपरकंडक्टिव्हिटीची (वीज विनाअडथळा वाहण्याची) बीसीएस थिअरी तुमचीच ना? त्यातली एनर्जी गॅप नेमकी याच घाटाची, घातात उणे एक भागिले कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनांमधल्या ओढीचं माप. पर्टर्बेशन (टर्ममागून टर्म जोडत उत्तराकडे जायची पद्धत) कुठल्याही ऑर्डरपर्यंत ओढा, हाती भोपळा. निसर्गात नसतं म्हणे.

लोलक:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी "सक्ती नको" म्हणालो, "बंदी घाला" नाही म्हणालो. ज्याला थिअरीत जायचंय त्याने खुशाल घ्यावा.
आणि ती गॅप काढली कुणी? बार्डीन, कूपर आणि श्रीफर, तिघेही फिजिक्सवाले. क्वांटम मेकॅनिक्स मांडताना हायझेनबर्गला 1925 मध्ये मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) माहीत नव्हत्या, गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतंय म्हणून बिचारा अस्वस्थ होता, बॉर्नने सांगितलं की अरे ह्या तर मॅट्रिक्स. डिरॅकने डेल्टा फंक्शन (एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य) बिनदिक्कत वापरलं, तुमची गणितवाली मंडळी नाकं मुरडत बसली, मग 1940 च्या दशकात गणिती लोरां श्वार्ट्झने डिस्ट्रिब्यूशन्स (फंक्शनची रुंदावलेली कल्पना) मांडून ते कायदेशीर केलं आणि 1950 ला गणितातलं मानाचं फील्ड्स मेडल घेतलं. आम्ही संसार थाटायचा आणि तुम्ही मागाहून येऊन लग्न लावायचं, असं चालत आलंय.
माझं स्वतःचं सांगतो. हाइने-बोरेल या अ‍ॅनालिसिसमधल्या प्रमेयाचं प्रूफ घोकलं, परीक्षेत ओकलं, संपलं. त्याच वेळेला न्यूमरिकल मेथड्सचा तास असायचा, तो बुडाला तो बुडालाच. पुढे नोकरीत पहिल्याच आठवड्यात स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं सिम्युलेशन करायला सांगितलं. मी आपली साधी ऑयलर पद्धत लावली, म्हणजे वेळेचे छोटे तुकडे पाडून दर तुकड्यात आत्ताच्याच वेगाने पुढे सरकायचं. वजन दर फेरीला थोडं वर, मग अजून थोडं वर, असं करत ग्राफच्या बाहेर गेलं. साहेबांनी विचारलं, "एवढी फुकट एनर्जी कुठून आणता?" हाइने-बोरेल तेव्हा कुठे होते?

अनंताची_आत्या:
सक्तीचंच चाललंय तर मीही एक काडी टाकते. गणितवाल्यांना एक सेमिस्टर फिजिक्सचं प्रॅक्टिकल सक्तीचं करा.
मी लॅब घ्यायचे तेव्हाची गोष्ट. गणिताचा टॉपर, हौसेने आलेला. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग, भिंगाखाली दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्या मोजून वेव्हलेंग्थ काढायची. मायक्रोस्कोप डावीकडच्या विसाव्या रिंगपासून उजवीकडे न्यायचा आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, कारण मध्येच उलटा फिरवला की बॅकलॅश येतो, म्हणजे स्क्रू फिरतो आणि मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. हा पठ्ठ्या एखादी रिंग हुकली की मागे यायचा, परत पुढे जायचा. शेवटी सोडियमची वेव्हलेंग्थ किती आली? बरोब्बर पुस्तकातली, 589.3 नॅनोमीटर. म्हटलं, बाळा, एवढ्या वाकड्या वाटेने इतकं सरळ उत्तर कसं आलं? तर म्हणाला, "मॅडम, आधी उत्तर घेतलं आणि मागे येत येत रीडिंग लिहिली. प्रूफं पण आम्ही अशीच काढतो."

बाकी_शून्य:
हा हा. प्रूफाबद्दल खोटं नाही बोलला तो.

तिसरा_दशांश:
अहो आत्या, गणितवाल्याला कशाला धरता, फिजिक्सवाले काय धुतल्या तांदळाचे आहेत? जखमेवरची खपली काढलीत म्हणून लिहितो. लंबकावरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढायचा होता. माझा प्रामाणिक आला 9.4. सरांनी लाल पेनने काट मारली, शेरा "पुन्हा करा". शेजारच्याने मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 9.81 उतरवला, त्याला पैकीच्या पैकी मार्क. माझं काय चुकलं ते मला चार वर्षांनी कळलं! दोरा हुकापर्यंतच मोजला होता, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवा होता. शिवाय लंबक ऐटीत तीस अंशांतून सोडला होता. तीस अंशांना पिरियड (एका झोक्याचा वेळ) पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, आणि जी च्या सूत्रात पिरियडचा वर्ग येतो म्हणून जी जवळजवळ साडेतीन टक्के खाली. म्हणजे माझा 9.4 त्या 9.81 पेक्षा खरा होता, त्याच्यात फिजिक्स होतं! तेव्हा मास्तर लोकांनी सक्तीच्या गप्पा मारू नयेत.

अनंताची_आत्या:
मास्तर लोक म्हणजे मी का? मी आयुष्यात चुकीच्या उत्तरावर काट मारलेली नाही, खोट्या रीडिंगवर मारलीय. आणि वीस मुलं, तीन मायक्रोस्कोप, त्यातल्या एकाची आयपीस गायब, वेळ दोन तास. या हिशोबात कोण कुणाचा दोरा कुठून मोजला ते बघणार? तुम्ही येऊन बघा एकदा.

तिसरा_दशांश:
आलो असतो, पण 9.4 वाल्यांना पुढे लॅबमध्ये घेत नाहीत.

कोडबाबा:
तुमचं भांडण चालू द्या. माझ्या मते अ‍ॅनालिसिसही नको आणि लॅबही नको, कंप्यूटर आकडा कसा साठवतो ते सक्तीचं करा. 1991 च्या आखाती युद्धात पेट्रियट क्षेपणास्त्राच्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग मोजायचं, आणि 0.1 बायनरीत (कंप्यूटरच्या शून्य-एकच्या आकड्यांत) कधीच पुरा मावत नाही, तो 24 बिटांवर छाटलेला. शंभर तास यंत्रणा चालू राहिली, चूक साचत साचत सेकंदाच्या एकतृतीयांशावर गेली, येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र पाडायचं हुकलं, 28 सैनिक गेले. पदवीधरांना विचारा 0.1 अधिक 0.2 कंप्यूटरवर किती. सगळे 0.3 म्हणतील.

लोलक:
हेच तर मी म्हणतोय! अ‍ॅनालिसिसच्या जागी हे घ्या.

बाकी_शून्य:
जागी? छोटी चूक साचून किती मोठी होईल याची हद्द बांधायची, याला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे त्यालाच अ‍ॅनालिसिस म्हणतात. तिसरा_दशांश यांचा लंबक घ्या, लहान कोनाचं गृहीतक किती अंशांपर्यंत आणि किती चुकीत चालेल हा प्रश्न एप्सिलॉन-डेल्टाच आहे. आणि हे लफडं सुरू कुणी केलं? उष्णता कशी वाहते ते शोधताना फूरियेने साइन-कोसाइनच्या सिरीज आणल्या. कोशीने 1821 च्या पुस्तकात ठोकून दिलं की सलग फंक्शन्सची अनंत बेरीज कन्व्हर्ज झाली (एका ठरावीक किमतीला पोचली) तर तीही सलगच, आणि 1826 मध्ये आबेलने साइनचीच एक सिरीज दाखवून सांगितलं की साहेब, इथे तुमचं प्रमेय बसत नाही. आम्ही रिकामटेकडे म्हणून नाही शिरलो यात.
राहिली तुमची स्प्रिंग. ऑयलरच्या प्रत्येक स्टेपला एनर्जीला एक अधिक ओमेगा वर्ग एच वर्ग याने गुणलं जातं; ओमेगा म्हणजे स्प्रिंगची कोनीय वारंवारता, एच म्हणजे वेळेचा तुकडा. एच कितीही बारीक घ्या, हा आकडा एकाहून मोठाच. दोन ओळींचं प्रूफ आहे. साहेबांना हे सांगायचं होतं.

लोलक:
आत्ता करून बघितलं. दीड ओळीत होतं.
मग हे मला त्या सेमिस्टरला का नाही कुणी दाखवलं? तीन आठवडे कॅन्टर सेट चालला होता. मधला तिसरा भाग काढा, परत मधला काढा, काढतच राहा, शेवटी लांबी शून्य आणि बिंदू अगणित. सुंदर आहे, मान्य. पण मला स्प्रिंग हवी होती हो. असा स्प्रिंगवाला, लंबकवाला अ‍ॅनालिसिस असेल तर करा सक्तीचा, माझी हरकत मागे. कॅन्टर सेट मात्र ऐच्छिक.

बाकी_शून्य:
कॅन्टर सेटला हात लावायचा नाही.

कोडबाबा:
झालं, पुन्हा मूळपदावर.

अनंताची_आत्या:
ते सगळं ठीक. गणितवाल्यांच्या प्रॅक्टिकलवर एकही शब्द न बोलता तुम्ही दोघांनी तडजोड करून टाकलीत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. बाकी_शून्य, तुम्ही स्वतः शेवटचा स्क्रू गेज कधी हातात धरलात?

बाकी_शून्य:
धरलाय. एकदा. झीरो एरर, म्हणजे मोजण्याआधीच गेज दाखवतं ती चूक, बघायची राहिली.

तिसरा_दशांश:
याला पास केलं होतं का हो कुणी?