दोन रॅकमधली गल्ली ३.४ मीटर पुरेल का?

गाळा_भिवंडी
भिवंडीतल्या गाळ्यात सिलेक्टिव्ह रॅक (प्रत्येक पॅलेट थेट काढता येते असे) लावतोय. पॅलेट (माल रचायची फळी) १२०० × १००० मिमी, फोर्कलिफ्ट अडीच टनी डिझेल. रॅकवाल्याने ड्रॉइंगमध्ये गल्ली ३.४ मीटर धरलीय. नेटवर ‘गाडीपेक्षा ३ फूट जास्त’ असा नियम दिसतो, त्या हिशेबाने तर २.१ मीटरही चालेल. नक्की काय धरायचं? माणसांची वाट वेगळी लागते का?

रॅक_बीम
३ फुटांचं ते अमेरिकेच्या ओशाचं (कामगार सुरक्षा खातं) १९७२ सालचं स्पष्टीकरण. सरळ जाण्या-येण्याला ठीक आहे. तुमची गाडी गल्लीत काटकोनात वळून रॅकमध्ये शिरणार, तिथे ते लावू नका.

कॅटलॉगमधून दोन आकडे काढा: टर्निंग रेडियस (गाडी वळायला लागणारी त्रिज्या), आणि पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या उभ्या पाठीपर्यंतचं अंतर. अडीच टनीला साधारण २२४० आणि ४७० मिमी. त्यात पॅलेटची खोली १००० आणि सुटीचे (मोकळ्या जागेचे) २०० मिळवा, झाले ३९१० मिमी. पॅलेट फिरवून १२०० ची बाजू खोलीत घातलीत तर ४११०.

आता खरी मेख. हे अंतर मालापासून मालापर्यंत, खांबापासून खांबापर्यंत नव्हे. ८०० खोलीच्या रॅकवर १००० ची पॅलेट पुढे-मागे १००-१०० बाहेर येते. ड्रॉइंगमधले ३.४ खांबांमधले असतील, तर हातात ३.२ च उरले. पोती फुगली की आणखी कमी.

२०० ची सुटी म्हणजे बाजूला १०० फक्त. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे ड्रायव्हरचं लक्ष फोर्ककडे आणि मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) समोरच्या खांबाला. खांब वाकतो तो बहुतेक गुडघ्याच्या खालीच. मी मालापासून मालापर्यंत ४.२ धरेन.

गाळा_भिवंडी
मग एक रांग जाते. रीच ट्रक (फोर्क पुढे सरकवणारी अरुंद गल्लीची गाडी) घेतला तर?

रॅक_बीम
गल्ली २.८ ते ३ मीटरवर येते. पण चाकं लहान, फरशी सपाट हवी. खड्ड्यांच्या यार्डात ही गाडी चालत नाही, म्हणजे ट्रक उतरवायला डिझेल गाडी ठेवावीच लागेल. दोन्हींचा खर्च मांडून बघा.

सेफ्टी_पट्टा
फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ३२ (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) वाटा अडथळ्याविना ठेवा म्हणायचं, आकडा देत नव्हतं. मुख्य वाटेसाठी जर्मन एएसआर ए १.८ (कामाच्या जागेतल्या वाटांचा नियम) चा हिशेब सोपा पडतो: फक्त गाड्यांच्या वाटेला दोन्ही कडांना ०.५ मीटर, समोरासमोर गाड्या येणार असतील तर मध्ये आणखी ०.४. रुंदी मालासकट मोजा. गाडी ११५० ची असली तरी आडवी पॅलेट १२०० ची. एकेरीला २.२, दुहेरीला ३.८ मीटर.

माणसांना रॅकच्या गल्लीतून नेऊ नका. भिंतीकडेने पट्ट्यांच्या आत १ मीटर मोकळी वाट द्या, आणि गाडी वळते तिथे फरशीत बोल्ट केलेलं रेलिंग. नुसत्या पिवळ्या रंगावर आठवड्याभरात रिकाम्या पॅलेट चढतात. इलेक्ट्रिक पॅनेलसमोरचा १ मीटर मात्र यात धरू नका, तो कायम रिकामा लागतो.