मणक्याची इजा : करंट देऊन चालता येतं का? सल्ला हवा

काठावरची
धाकट्या भावाच्या टी-१० मणक्याला (पाठीतला, वरून दहावा) इजा होऊन चौदा महिने झाले. स्वतःहून पाय हलत नाहीत, पण मधूनच ताठ होतात, घोटा थडथडतो. मज्जारज्जूवर यंत्र बसवून चालणाऱ्या माणसांचे व्हिडिओ तो रात्र रात्र बघतो. फिजिओ म्हणतात, मांडीला करंट देऊ. दोन्ही एकच का?

न्यूरोफिजिओ
ताई, एकच नाही. मांडीला पॅड लावतात ते एफईएस, म्हणजे फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन. त्यात करंट स्नायूकडे जाणाऱ्या नसेला चेतवतो. पाय ताठ होतात म्हणजे इजेच्या खालच्या त्या नसा बहुधा शाबूत आहेत. पाय लुळेच असते तर हा करंट सहसा पकडला नसता. एफईएसने वॉकर धरून पावलं टाकता येतात, पण स्नायू फार लवकर दमतात.

व्हिडिओतलं यंत्र ऑपरेशन करून मज्जारज्जूच्या आवरणावर बसवतात. ते संवेदना आणणाऱ्या नसा चेतवतं, आणि पाऊल उचलणारी खालची यंत्रणा जागी होते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कुर्तीन आणि ब्लॉक या संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये तीन जणांवरचं काम छापलं, १६ इलेक्ट्रोडची पट्टी वापरून. पहिल्याच दिवशी पावलं पडली, हे खरं. पण शरीराचा भार वर टांगलेल्या पट्ट्यांवर होता, आणि पुढे महिनोन्‌महिने सराव. व्हिडिओत तो सराव दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सहा_वर्षं_खुर्चीत
आधी हाडांची घनता तपासा. हे कळकळीने सांगतोय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या गटाने अशाच यंत्राचा चौघांवरचा अभ्यास छापला; दोघे जमिनीवर चालले, पण एकाचं खुब्याचं हाड सरावात मोडलं. वापर नसलेली हाडं ठिसूळ होतात.

मी एफईएसची सायकल चालवतो. पहिल्या दिवशी मांडीचा स्नायू गोळा होऊन गुडघ्याची वाटी वर सरकली, मी बघतच राहिलो. चालणं नाही आलं, मांड्या मात्र भरल्या. पॅड काढल्यावर कातडी रोज बघा. भाजलेलं आपल्याला कळत नाही. आणि टी-६ किंवा त्यावर इजा असलेल्यांनो, करंट चालू असताना डोकं ठणकलं, घाम फुटला तर लगेच बंद करा, बीपी बघा.

काठावरची
दादा, हाडांचं कुणीच बोललं नव्हतं. उद्याच डॉक्टरांना विचारते. सायकल किती वेळ चालवता?

सहा_वर्षं_खुर्चीत
आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. सुरुवातीला पाच मिनिटांतच पाय थांबायचे.