गणिताच्या गृहपाठाला अचूकतेवर गुण द्यावेत का?

प्रश्न

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. आमच्याकडे सत्राच्या १०० गुणांपैकी २० गुण गृहपाठाचे असून ते उत्तरांच्या अचूकतेवर दिले जातात. परिणामी काही विद्यार्थ्यांच्या वह्या निर्दोष असतात, पण चाचणीत त्यांना साधे एकसामयिक समीकरण सुटत नाही. तर काहींना विषय उत्तम समजलेला असूनही वही अपुरी राहिल्यामुळे त्यांची श्रेणी घसरते. गुण काढून टाकले तर गृहपाठ कोणी करणारच नाही, ही सहकाऱ्यांची भीती मला निराधार वाटत नाही. पुढील सत्राचे धोरण मला लिहून द्यायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

गुण २० असोत वा ५, ते अचूकतेवर दिले की विद्यार्थी चूक लपवू लागतो आणि गृहपाठातून आपल्याला जे कळायला हवे तेच कळेनासे होते.

याबाबत डग रोहरर आणि केली टेलर यांचा २००७ सालचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घनाकृतींचे घनफळ काढण्याचा सराव केला. एका गटाला एका प्रकारची सर्व उदाहरणे सलग दिली होती, तर दुसऱ्याला सर्व प्रकारांची सरमिसळ करून दिली होती. सरावाच्या वेळी सलग गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिश्र गटाची ६० टक्के. मात्र आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग गट २० टक्क्यांवर आला आणि मिश्र गटाला ६३ टक्के मिळाले. म्हणजे सरावातील अचूकतेला गुण दिले असते, तर चांगली श्रेणी नेमकी नंतर मागे पडलेल्या गटाला मिळाली असती. कोणती रीत वापरायची हे ओळखणे हाच गणितातला अवघड भाग आहे, आणि प्रकरणाच्या शीर्षकाखालीच उदाहरणे सोडवली की तो भाग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून गृहपाठात थोडी उदाहरणे त्या दिवशीच्या घटकाची आणि बाकीची मागील घटकांची द्यावीत. अंतिम उत्तरे सोबतच द्यावीत. विद्यार्थ्याने वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतः तपासून कोणती पायरी चुकली, पक्षांतर करताना चिन्ह बदलायचे राहिले की कंस सोडवताना गुणाकार अर्धवट झाला, हे समासात लिहावे. गुण द्यायचेच असतील तर या दुरुस्तीला द्यावेत, आणि तेही मोजकेच.

दुसरे उत्तर

वरील मांडणी मला पटते, परंतु उत्तरे हाती असल्यावर पायऱ्याही मित्राच्या वहीतून उतरवल्या जातात आणि दुरुस्तीसुद्धा नकलून काढता येते. आम्ही दर आठवड्याला गृहपाठातील दोन उदाहरणे आकडे बदलून वर्गात सोडवायला देतो आणि स्वतःची वही उघडून पाहण्याची मुभा देतो. ज्याने गृहपाठ समजून केला त्याला वहीचा उपयोग होतो; ज्याने नुसता उतरवला त्याला होत नाही. गुण या छोट्या चाचणीला मिळतात, वहीला नाही.

काम जमा न केल्यास दिल्या जाणाऱ्या शून्याविषयीही धोरणात स्पष्ट लिहावे. तीन नोंदींत ८० आणि चौथ्या नोंदीत शून्य असेल, तर सरासरी ६० येते. हा ६० त्या विद्यार्थ्याच्या गणिताविषयी काहीच खरे सांगत नाही. तेथे ‘अपूर्ण’ असा शेरा लिहून काम पुरे करण्याची मुदत द्यावी.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. दुरुस्ती तपासायला मला वेळ कसा पुरणार, आणि चाचणी पुन्हा देऊ द्यावी का, हे दोन मुद्दे राहतात.

पहिल्या उत्तराचे लेखक

सर्व वह्या दररोज तपासण्याची गरज नाही. आलटूनपालटून थोड्याच घ्याव्यात, पण त्यांवर गुण न लिहिता एखादे नेमके वाक्य लिहावे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात केवळ शेरा मिळालेल्या मुलांची रुची टिकली आणि कामगिरी सुधारली, तर शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो लाभ झाला नाही. त्यातील कामे गणिताची नव्हती, तरी गुण दिसले की मूल पुढचे वाचत नाही, हे मी वर्गातही पाहतो.

फेरचाचणी अवश्य द्यावी, मात्र जुन्या उत्तरपत्रिकेतील प्रत्येक चुकीची दुरुस्ती जमा केल्यावरच, आणि प्रश्न नवे असावेत. दोन्ही गुणांची सरासरी न काढता नंतरचे गुण धरावेत.